सापडलं म्हणजे तोच, असं नाही

गेल्या उन्हाळी सुट्टीत माझा भाचा पुण्याहून सोलापूरला आला, तो माझ्यासाठी काम घेऊनच. जेवणं झाल्यावर त्याने लॅपटॉप उघडला आणि म्हणाला, "फुफू, आप मराठी भी पढाते, उर्दू भी. हमारे टूल का डॉक्युमेंटेशन दोनों जबान में लिख के दो ना. पैसे भी मिलेंगे."

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते, शिवाय वरच्या वर्गांना उर्दूही. बी.एड. होऊन वीस वर्षं होतील. इतक्या वर्षांत कोणी मला कॉम्प्युटरच्या कामासाठी विचारलं नव्हतं, त्यामुळे आनंदच झाला. डॉक्युमेंटेशन म्हणजे काय, एवढंच आधी विचारलं. तो म्हणाला, औषधाच्या खोक्यात घडी घातलेली चिठ्ठी असते ना, तसंच. औषध कशावर चालतं, किती घ्यायचं, कोणी घेऊ नये. मला उपमा आवडली. त्यातलं शेवटचं कलम पुढे आमच्या दोघांच्या वादाचं कारण होईल, हे तेव्हा त्यालाही माहीत नव्हतं.

आधी टूल काय करतं ते सांगते. तुम्ही एक युजरनेम द्यायचं. टूल ते नाव वेगवेगळ्या सोशल मीडियाच्या पत्त्यांना जोडून बघतं. पान उघडलं तर 'सापडलं', नाही उघडलं तर 'नाही'. मग सापडलेल्या पानावरचं नाव, परिचय, फॉलोअर किती, इतर कुठले दुवे दिलेत, हे गोळा करून एका यादीत देतं. कल्पना नवी नाही. 'शेरलॉक' नावाचं मोफत टूल बऱ्याच वर्षांपासून आहे आणि ते चारशेहून जास्त साइटवर एकाच दमात युजरनेम शोधतं. पत्रकार वापरतात, सायबर गुन्ह्यांचा तपास करणारे वापरतात, आणि रिकामटेकडेही वापरतात.

भाच्याच्या टूलमध्ये नवीन काय, तर ते माणसासाठी नाही, एआय एजंटसाठी आहे. एजंट म्हणजे आपण एखादं काम सांगावं आणि त्याने पायऱ्या स्वतः ठरवून ते करावं, असा कार्यक्रम. त्याला आपण नुसतं म्हणायचं, "अमक्याबद्दल माहिती काढ." कोणतं टूल वापरायचं, कधी वापरायचं, हे तो ठरवतो. आणि कशावरून ठरवतो? टूलसोबत लिहिलेल्या वर्णनावरून. महिरपी कंसात टूलचं नाव, त्याखाली दोन-चार वाक्यांत ते काय करतं, मग कोणती माहिती द्यावी लागते आणि कोणती परत मिळते. एजंट ते वाचतो आणि त्याप्रमाणे वागतो. कंपन्यांमध्ये या जोडणीची एक सामाईक पद्धतही आता रुळली आहे, मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल नावाची. ती नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झाली.

हे कळल्यावर मी खुर्चीत सरळ बसले. म्हणजे मी लिहिलेलं वाक्य वाचून कोणी माणूस विचार करणार नव्हता. यंत्र ते वाचणार होतं आणि लगेच कामाला लागणार होतं. प्रश्नपत्रिका काढणाऱ्या शिक्षकाला ही भीती चांगली ठाऊक असते. 'कोणतेही तीन सोडवा' यातला 'कोणतेही तीन' छापायचा राहिला, की सगळा वर्ग पाचही सोडवत बसतो आणि वेळ संपतो. मुलं निदान हात वर करून विचारतात, "टीचर, ये सब लिखना क्या?" यंत्र हात वर करेलच असं नाही.

पहिल्या दिवशी मी स्वतःचंच युजरनेम टाकून बघितलं. सहा ठिकाणी 'सापडलं' आलं. त्यातली तीन पानं माझी. एक मी उघडून विसरले होते, त्यावर माझ्या मुलीचा बालवाडीतला फोटो अजून होता. तो आधी काढून टाकला. उरलेली तीन माझी नव्हतीच. एका पानावर त्याच नावाने कोणी केक विकत होती, दुसरं रिकामं होतं आणि तिसऱ्यावर कुठल्या तरी परक्या भाषेत क्रिकेटच्या गप्पा होत्या. टूलने मात्र सहाही एका माणसाच्या नावाखाली मांडली होती. ती यादी वाचणाऱ्याला वाटलं असतं, सोलापूरची ही बाई शाळेत शिकवते, केक विकते आणि रात्री क्रिकेटवर वाद घालते.

भाचा हसला. "फुफू, एक साइटपे युजरनेम एकच आदमी का रहता. पर दुसरी साइटपे वोच नाम कोई भी ले सकता."

मग हे वर्णनात का नाही लिहिलं? तो म्हणाला, सगळ्यांना माहीत असतं. मी म्हटलं, मला माहीत नव्हतं. आणि तुझ्या एजंटला कोणी सांगितलंय?

इथून आमचं खरं काम सुरू झालं. मी वही काढली आणि शंका लिहीत गेले.

पहिली शंका 'नाही सापडलं' बद्दल. तो म्हणाला, काही साइट पान नसेल तर तसा संकेत देतात, ४०४ म्हणतात त्याला. पण काही साइट पान नसतानाही काहीतरी पान दाखवतात, आणि काही साइट अशा टूलला दारातूनच परत पाठवतात, लॉगिन मागतात. म्हणजे उत्तरं दोन नसून तीन आहेत: आहे, नाही, आणि कळलं नाही. तिसरं उत्तर दुसऱ्यात मिसळलं, की गैरसमज झालाच. हजेरीपटात 'गैरहजर' आणि 'हजेरी घ्यायची राहिली' यांत जो फरक आहे तोच हा.

दुसरी शंका आपल्या नावांबद्दल, आणि ही मला जास्त छळत होती. माझ्या वर्गाच्या पटावर 'शेख' आडनावाची मुलं इतकी आहेत की मी वडिलांच्या नावाने हाक मारते. रोमन लिपीत शेखचं स्पेलिंग एकाच घरातल्या दोन भावांचं वेगळं असतं. मोहम्मद हे नाव तर पाच-सहा तऱ्हांनी लिहिलं जातं, कधी पूर्ण, कधी दोनच अक्षरांत आटोपलेलं. शाळेच्या दाखल्यावर एक, आधार कार्डावर दुसरं, बँकेत तिसरं. उर्दू लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, त्यामुळे उर्दूतलं नाव रोमनमध्ये नेताना प्रत्येक जण आपल्या कानाप्रमाणे नेतो. परिणाम दोन्ही बाजूंनी होतो. एकाच माणसाची चार नावं होतात आणि चार माणसांचं एकच नाव होतं. हे टूल बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जर फक्त दुर्मीळ नावांची माणसं असतील, तर त्याला ते बरोबर चालतंय असंच वाटेल.

तिसरी शंका लिहायला मला दोन दिवस लागले. कारण ती शंका नव्हती, माझी स्वतःची चूक होती.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या चाचांच्या मुलीला लातूरकडचं स्थळ आलं होतं. मुलगा वायरमनचं काम करायचा, घर साधं. बैठक होण्याआधी चाचीने मला फोन केला, "तू पढीलिखी है, जरा फेसबुकपे देख तो." मी त्याच रात्री बघितलं. नाव जुळत होतं, गावही जुळत होतं. फोटोत हेल्मेट घातलेला, गॉगल लावलेला एक पोरगा, बाजूला हुक्का. खाली बायकांबद्दल असं काही लिहिलेलं की मी मोबाईल पालथा ठेवला. सकाळी चाचीला सांगितलं, "लडका ठीक नै." तिने नकार कळवला. कारण सांगितलं नाही, पण आपल्याकडे कारण दाराखालून बाहेर जातंच. मीही दोन-चार घरांत बोलले. वाईट हेतूने नाही. "आजकल देख लेना चाहिये" असा शहाणपणाचा सल्ला देताना उदाहरण म्हणून बोलले.

दीड वर्षाने एका लग्नात त्या मुलाची आई माझ्या शेजारी जेवायला बसली. मी कोण हे तिला ठाऊक नव्हतं. बोलता बोलता म्हणाली, मुलाचं जमत नाही, दोन-तीन ठिकाणी होता होता मोडलं, कोणी म्हणतं फेसबुकवर काहीतरी आहे. "बाजी, मेरे लडके का तो फेसबुकच नै. उसके पास बटन का मोबाईल है."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. मी काही बोलले नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. चाचीला नाही, नवऱ्याला नाही. मनाची समजूत घातली की मी तरी काय, सापडलं ते सांगितलं.

आता तेच वाक्य एका टूलच्या वर्णनात लिहायची वेळ माझ्यावर आली होती: 'हे टूल व्यक्तीचे प्रोफाइल शोधते.' मी एका रात्री, एका मुलाबद्दल, एकदा चुकले होते. हे टूल एका मिनिटात किती जणांबद्दल तीच चूक करील, आणि तिथे लग्नात शेजारी येऊन बसणारी आईसुद्धा नसेल.

भाच्याला मी गोष्ट सांगितली, पण मुलगा कोण आणि बघणारी कोण हे सांगितलं नाही. तो थोडा गंभीर झाला, मग म्हणाला, "लेकिन फुफू, सब पब्लिक है ना. मैं किसी का ताला थोडी तोड रहा हूँ."

त्याचं म्हणणं कायद्याच्या दृष्टीने पोकळ नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टास्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला, हे खरं. पण २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात, माणसाने स्वतःहून सार्वजनिक केलेल्या माहितीला तो कायदा लागू होत नाही, अशी तरतूद आहे. म्हणजे मी माझा फोटो सगळ्यांना दिसेल असा ठेवला, तर तो गोळा करणाऱ्याला या कायद्याने अडवता येणं कठीण.

मी त्याला आमच्या जुन्या घराचा ओटा आठवायला सांगितला. दादी संध्याकाळी ओट्यावर बसायची. येणारे-जाणारे तिला बघायचे, सलाम करायचे. त्यात काही वावगं नव्हतं. पण कोपऱ्यावरच्या दुकानात बसून एखाद्याने रोज वहीत लिहिलं असतं, की ही बाई किती वाजता बाहेर येते, कोणाशी बोलते, कोणती सून सोबत असते, तर? ओटा तोच, सगळ्यांना दिसणारा. तरी अब्बांनी ती वही फाडली असती आणि कोणी त्यांना चूक म्हटलं नसतं. दिसणं वेगळं आणि टिपून ठेवणं वेगळं. विखुरलेलं असतं तोवर ते आयुष्य असतं, एका यादीत आलं की ती पाळत होते.

आणि हे नुसतं तत्त्वज्ञान नाही. जुलै २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' आणि १ जानेवारी २०२२ ला 'बुल्ली बाई' या नावांनी जे झालं, ते आपल्यापैकी कोणीही विसरलेलं नाही. पत्रकार, कार्यकर्त्या, बोलणाऱ्या, लिहिणाऱ्या मुस्लिम स्त्रियांचे फोटो सोशल मीडियावरून उचलले आणि गिटहबवरच्या एका अॅपमध्ये 'लिलावा'ला मांडले. मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने बंगळुरू आणि उत्तराखंडमधून ज्यांना पकडलं ती विशीच्या आतबाहेरची पोरं होती. त्यातले बहुतेक फोटो 'पब्लिक'च होते. त्यांनीही कुठलं कुलूप तोडलं नव्हतं. त्या वर्षी माझ्या दोन माजी विद्यार्थिनींनी प्रोफाइलवरचा फोटो काढून गुलाबाचं फूल लावलं. एक वकिलीचं शिकत होती, दुसरी कविता लिहायची. कविता तिने पुढे टाकल्याच नाहीत.

भाचा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "तो क्या बनानाच नै?"

हा प्रश्न प्रामाणिक होता आणि मला त्याचं उत्तर सोपं वाटलं नाही. अशा शोधाचे चांगले उपयोगही आहेत. कोणी तुमच्या नावाने खोटं खातं उघडून लोकांकडे पैसे मागतंय, ते शोधता येतं. स्वतःचा जुना पसारा कुठे कुठे राहिलाय ते कळतं, जसा मला माझ्या मुलीचा फोटो सापडला. एखाद्या बातमीच्या मुळाशी जाणाऱ्या पत्रकाराला ते लागतं. सूरह हुजुरात मी दरवर्षी दीनियातच्या तासाला घेते. अठराच आयतींची सूरह आहे. तिच्या सहाव्या आयतीत सांगितलंय की कोणी बातमी आणली तर खात्री करून घ्या, नाहीतर अजाणतेपणी कोणाचं नुकसान कराल आणि मग पस्तावाल. आणि बाराव्या आयतीत तजस्सुसला, म्हणजे लोकांच्या पाठी लागून त्यांची गुपितं हुडकण्याला मनाई आहे. तहकीक करा आणि तजस्सुस करू नका, दोन्ही एकाच सूरहमध्ये, सहा आयतींच्या अंतरावर. मुलांना मी हा फरक फळ्यावर दोन रकाने करून शिकवत आले. आणि त्या रात्री मोबाईल हातात घेतला तेव्हा मला वाटलं होतं की मी पहिल्या रकान्यात आहे.

तहकीक करणारी असते, तर मी त्या मुलाच्या घरी एक फोन करून विचारलं असतं, हे खातं तुमच्या मुलाचं आहे का? एवढंच. एका प्रश्नाने काम झालं असतं.

म्हणून मी लिहिलेल्या डॉक्युमेंटेशनमध्ये 'हे टूल काय सांगत नाही' असा एक भाग टाकला. त्यात लिहिलं: एकसारखं युजरनेम म्हणजे एकच व्यक्ती नव्हे. 'कळलं नाही' याचा अर्थ 'नाही' असा घेऊ नये. नोकरी, भाड्याचं घर किंवा लग्न याबाबतचा निर्णय त्या व्यक्तीला न विचारता या यादीवरून घेऊ नये. एजंटसाठी वेगळी सूचना लिहिली: कोणाची आणि कशासाठी माहिती हवी आहे हे स्पष्ट नसेल, तर शोध सुरू करण्याआधी सांगणाऱ्याला विचार.

भाच्याच्या सहकाऱ्यांना ते लांब वाटलं. त्यांची अडचणही खरी होती. एजंट प्रत्येक वेळी हे वर्णन वाचतो, आणि त्याच्या वाचनाचा खर्च शब्दांगणिक मोजला जातो. वर्णन लांब झालं की पैसे लागतात, कधी कधी एजंट मुद्द्यावरून भरकटतोही. मग मी तेच केलं जे सारांशलेखनाच्या प्रश्नात मुलांकडून करून घेते. एक तृतीयांश केलं. शेवटी तीन वाक्यं उरली. त्यांतली दोन एजंट वाचतो त्या वर्णनात गेली: एकसारख्या नावाबद्दलचं आणि 'कळलं नाही' बद्दलचं. निर्णयाबद्दलचं वाक्य माणसांसाठीच्या माहितीपत्रकात गेलं, जे फार थोडे लोक वाचतील. शोधाआधी विचारण्याची सूचना त्यांनी 'पुढच्या आवृत्तीत बघू' म्हणून ठेवली आहे. मी दर पंधरवड्याला विचारते.

एक बदल मात्र भाच्याने आपणहून केला. यादीत प्रत्येक प्रोफाइलपुढे आता एक रकाना आहे: 'एकाच व्यक्तीचे असल्याचा पुरावा'. दोन प्रोफाइल एकमेकांचा दुवा देत असतील तरच तिथे काही लिहून येतं. मॅस्टोडॉनवर वेबसाइटची खातरजमा याच तत्त्वाने होते, दोन्ही बाजूंनी दुवा असेल तरच खूण मिळते. बाकी सगळ्यांपुढे 'पुरावा नाही' असं येतं. माझं नाव पुन्हा टाकून बघितलं. सहापैकी पाचांपुढे 'पुरावा नाही' आलं, त्यात माझी स्वतःची दोन पानंही होती. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

काम संपलं, पैसेही आले. पण ती तिसरी शंका वहीत तशीच होती. कोणाचा हक मारला गेला असेल तर नुसती तौबा पुरत नाही, ज्याचा हक त्याच्याकडून माफी घ्यावी लागते, हेही मीच वर्गात शिकवते. एका जुम्याला नमाजनंतर मी नातेवाइकांकडून नंबर मिळवला आणि त्या मुलाच्या आईला फोन लावला. मी कोण, तेव्हा काय केलं, सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. मुलाचं लग्न दोन वर्षांपूर्वी झालंय, अल्लाहचे शुक्र, घरात लेकरू आहे, असं तिने सांगितलं. मग म्हणाली, "आप बोले, ये बहोत है बाजी. मैं माफ की. पर जिनको जिनको उस वक्त बोले थे, उनको भी बोल देना."

मी त्याच वहीत घरं लिहून काढली. चाचीचं धरून पाच झाली. आजपर्यंत तीन घरी जाऊन आले. एका घरी चहा मिळाला, एका घरी "अब क्या फायदा" ऐकायला मिळालं, आणि चाची रडली. दोन घरं उरली आहेत. त्यातलं एक मुंबईला आहे. दिवाळीच्या सुट्टीत जाईन.